कुळागरातल्या विहिरीसाठी सुटी होणारी क्रेन: पहिल्यांदाच प्रकल्प करणाऱ्या गटासाठी

गोव्यात फर्मागुडी, शिरोडा, वेर्णा, आसगाव, कुठल्याही इंजिनिअरिंग महाविद्यालयात असा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पाचे गट पडले की एखादा तरी गट 'पोर्टेबल क्रेन' हा विषय घेतो. विषय उत्तम आहे. बलांचं गणित, धातूची निवड, वेल्डिंग, खरेदी, चाचणी असं सगळं एकाच वस्तूत येतं आणि दोन सत्रांत ती उभी राहू शकते. मी स्वतः विद्यार्थी असताना अशी क्रेन केली होती. आता फोंड्याच्या आसपासचे गट अधूनमधून विचारायला येतात, तेव्हा त्यांना जे सांगतो तेच इथे नीट मांडतोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नवा गट पहिल्या दिवसापासून बूमच्या, म्हणजे ज्याच्या टोकाला भार लटकतो त्या आडव्या हाताच्या, मागे लागतो. बूम किती जाड, वाकेल का, मोडेल का, याचे संगणकावर रंगीत आलेख काढतो. पण छोटी क्रेन मोडण्याच्या कितीतरी आधी कलंडते. आमची तशीच कलंडली. समोरच्या बाजूला वजन अगदी ऐटीत उचललं, मग बूम आडवा फिरवला आणि पाव फेरा व्हायच्या आतच मागचा एक पाय जमिनीवरून सुटला. जवळ कोणी उभं नव्हतं म्हणून निभावलं. म्हणून मी सांगतो, क्रेन पायांपासून काढायला घ्या, बूम शेवटी.

आधी विहिरीवर जा

'पोर्टेबल क्रेन' एवढ्यावर डिझाइन होत नाही. कोणासाठी, काय उचलायला, कुठून कुठे न्यायला, हे ठरलं की निम्मं काम झालं. गोव्यात गरजांची कमी नाही. गॅरेजमध्ये इंजिन उतरवायचं असतं, जेटीवर होडीचं आउटबोर्ड मशीन काढायचं असतं, जांभ्याचे चिरे वरच्या मजल्यावर चढवायचे असतात. मला सगळ्यांत आवडतो तो कुळागरातला, म्हणजे पोफळीच्या बागेतला, विहिरीचा पंप, कारण तिथे क्रेन खरोखरच 'पोर्टेबल' असावी लागते. सावईवेऱ्यासारख्या गावात पोफळींतून विहिरीपर्यंत जाणारी वाट दोन माणसं आडवी चालतील एवढीही रुंद नसते. मध्ये चिऱ्यांच्या पायऱ्या, पाट, वर शेवाळ. तिथे टेम्पो जात नाही. चाकं लावलेली क्रेनही जात नाही.

तर पूर्ण गट घेऊन एकदा प्रत्यक्ष जा. टेप, वही, वजनकाटा, पाणसळ बरोबर ठेवा. बागायतदाराला आधी बोलू द्या. मी विद्यार्थी असताना आमच्या गटाबरोबर गेलो होतो तेव्हा तिथले काका म्हणाले, "बाळांनो, पंप वर काढायचा तर चार माणसं लागतात. पूर्वी हाक मारली की यायची. आता दोन मिळाली तरी नशीब." आमच्या क्रेनचं पहिलं माप त्या वाक्यात होतं. दोन माणसांनी वाहून न्यायची, दोघांनीच जोडायची आणि चालवायचीही दोघांनीच. त्यावरून नियम केला: एकही सुटा भाग २५ किलोच्या वर नाही.

मग मापं घ्या. कठड्याची उंची आणि जाडी, पाण्यापर्यंतची खोली, भोवतीच्या जमिनीचा उतार, डोक्यावर विजेची तार जाते का, पंप बाहेर काढल्यावर ठेवणार कुठे. तार दिसली तर दुसरी जागा शोधा किंवा वीज खात्याशी बोला. लोखंडी बूम तारेखाली फिरवायचा नाही.

वजन नीट मोजा

विचारलं तर कोणीही सांगेल, "पंप असेल चाळीसेक किलोचा." पंप तेवढा असेलही. पण हुकाला एकटा पंप लटकत नाही. आमच्या विहिरीतला हिशेब असा होता: ओपनवेल सबमर्सिबल (विहिरीच्या पाण्यात बुडून चालणारा) पंप ४५ किलो. त्याला अडीच इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप ८ मीटर, मीटरला साधारण साडेसहा किलो, म्हणजे ५१–५२ किलो. आणि तळाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असल्यामुळे पाइपातलं पाणी खाली उतरतच नाही. त्या पाइपात मीटरला साधारण ३.७ किलो पाणी मावतं, ८ मीटरला ३० किलोच्या आसपास. बेरीज १२५ किलोच्या घरात. त्यावर केबल, दोरी, पंपाला चिकटलेला गाळ.

म्हणून सुरक्षित कार्यभार, म्हणजे क्रेनने उचलायचं जास्तीत जास्त वजन, २०० किलो धरला. याहून मोठा आकडा घेण्याचा मोह आवरा. अर्धा टन म्हटलं की खांब जाड होतो, पाया जड होतो आणि २५ किलोचा नियम मोडतो.

याच भेटीत आणखी एक गोष्ट बघा, जी बहुतेक गटांच्या नजरेतून सुटते. जीआय पाइप वाकत नाही. आमच्या बूमचं टोक जमिनीपासून २ मीटरवर होतं. कठडा ८० सेंटिमीटर. पुली, हुक आणि पट्टा मिळून ३० सेंटिमीटर खातात. म्हणजे कठड्यावर हाताशी उरतात जेमतेम ९० सेंटिमीटर. पाइपाचा तुकडा ३ मीटरचा असेल तर तो एका दमात वर येणारच नाही. उपाय जुनाच आहे, बोअरवेलवाले रोज करतात. पाइपाला दोन भागांचा क्लॅम्प आवळायचा, कठड्यावर आडव्या टाकलेल्या दोन वाश्यांवर तो टेकवायचा, हुक सोडून खाली पुन्हा पकडायचं, वर घ्यायचं, पुन्हा क्लॅम्प. सांधा वर आला की तुकडा सोडवायचा. हे क्लॅम्प क्रेनबरोबर द्या. नाहीतर पहिल्याच दिवशी पंप अर्ध्यावर लोंबकळत राहील आणि काय करायचं ते कोणालाच सुचणार नाही. विहिरीत एचडीपीईचा (प्लास्टिकचा) काळा पाइप असेल तर हा प्रश्न येत नाही, तो वाकून बाहेर येतो.

पाय: इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या

आमची रचना साधी होती. जमिनीवर एक आयताकृती पाया, त्यावर उभा खांब, खांबाला १.२ मीटर लांबीचा बूम. खांब सॉकेटमध्ये, म्हणजे पायावरच्या उभ्या नळीत, गोल फिरतो. पुढचे पाय खांबाच्या ३० सेंटिमीटर पुढे, मागचे १.२ मीटर मागे, आणि मागच्या पायांवर काउंटरवेट, म्हणजे तोल राखणारं वजन.

पुढचे पाय याहून पुढे का नाहीत, तर पुढे कठडा आहे. पाय कठड्यावर ठेवायचे नाहीत, त्याला टेकवायचेही नाहीत. जुन्या विहिरींचा वरचा थर सुटा झालेला असतो. थोडी जागा सोडा. १५ सेंटिमीटर मोकळी जागा आणि ३५ सेंटिमीटरचा कठडा वजा केला की बूमचं टोक कठड्याच्या आतल्या कडेपासून ४० सेंटिमीटर आत येतं. पंप न घासता वर यायला तेवढं पुरतं.

आता समोरच्या दिशेचं गणित. क्रेन पुढे कलंडली तर ती पुढच्या पायांच्या रेषेवर वळेल. भार त्या रेषेच्या १.२ वजा ०.३ म्हणजे ०.९ मीटर पुढे आहे. २०० गुणिले ०.९, म्हणजे १८० किलो-मीटर (किलो गुणिले मीटर). ही कलंडवणारी बाजू. तिच्या दीडपट रोखणारी बाजू हवी, म्हणजे २७०. काउंटरवेट त्या रेषेपासून १.५ मीटर मागे आहे, तेव्हा २७० भागिले १.५, काउंटरवेट १८० किलो. क्रेनचं स्वतःचं वजन यात धरलं नाही, ते पदरात पडेल तेवढं जास्तीचं.

इथवर सगळे गट बरोबर येतात आणि इथेच थांबतात. आमचंही तेच झालं होतं.

बूम ९० अंशांत आडवा फिरवला की वळण्याची रेषा बदलते. आता ती बाजूच्या पायांची रेषा. आमच्या पायाची रुंदी होती १ मीटर, म्हणजे खांबापासून बाजूची रेषा फक्त अर्ध्या मीटरवर. भार तिच्या ०.७ मीटर बाहेर: २०० गुणिले ०.७, १४० किलो-मीटर. रोखायला काय आहे? काउंटरवेट मागे दूर असलं तरी बाजूच्या रेषेपासून तेही अर्ध्याच मीटरवर आहे: १८० गुणिले ०.५, फक्त ९०. क्रेनचं स्वतःचं ८० किलो वजन धरलं तरी १३०. म्हणजे १४० विरुद्ध १३०. आमची क्रेन पडायलाच हवी होती आणि ती पडली.

मग बाजूची रेषा किती लांब हवी? तिला खांबापासून 'ब' अंतरावर धरा. दीडपटीची अट लिहिली की १.५ × २०० × (१.२ − ब) हे १८० × ब एवढं किंवा त्याहून कमी हवं. सोडवलं की ब येतो ०.७५ मीटर. पायाची पूर्ण रुंदी १.५ मीटर. एवढा रुंद पाया पोफळींतून नेता येणार नाही, म्हणून बाजूचे पाय खणासारखे आत-बाहेर सरकणारे करा आणि पूर्ण बाहेर आल्यावर पिन बसेल असं भोक ठेवा. पिन अर्ध्यावर कुठेच बसता कामा नये. अर्धवट उघडलेल्या पायांवर काम सुरू करायची सोयच ठेवायची नाही. जागा खरंच अरुंद असेल तर पाय आतच राहू द्या, पण मग सॉकेटवर लोखंडी अडसर लावून बूम बाजूला फिरणंच बंद करा.

हे कागदावर पटत नसेल तर बांबूच्या पट्ट्यांचं एकास पाच मापाचं हलकं मॉडेल करा. बूम २४ सेंटिमीटर, पाया २० सेंटिमीटर रुंद, टोकाला १ किलोची पाण्याची बाटली, मागे ९०० ग्रॅमची. समोर धरलं की मॉडेल शांत उभं असतं. बोटाने बूम हळूहळू आडवा ढकला. एका जागी मागचा, विरुद्ध बाजूचा पाय टेबलावरून उचलला जाताना दिसेल. तिथे पेन्सिलने खूण करा. मग पाया ३० सेंटिमीटर रुंद करून पुन्हा फिरवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि गटातल्या प्रत्येकाने स्वतःच्या बोटाने ते करावं असा माझा आग्रह असतो.

काउंटरवेट वाहून नेऊ नका

१८० किलो लोखंड पायऱ्यांवरून न्यायचं असेल तर क्रेनचा उपयोगच संपला. गोव्यात कुठल्याही कुळागराच्या कडेला चिरे रचलेले असतात. बांधकामाचा चिरा साधारण ३० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे सहा चिरे. पण चिरा सच्छिद्र असतो. मे महिन्यातला कोरडा चिरा आणि जुलैतला भिजलेला चिरा यांचं वजन सारखं नसतं आणि खाणीगणिकही फरक पडतो. म्हणून अंदाजाने सहा मोजू नका, काट्यावर घाला. दुसरा पर्याय पाण्याच्या कॅनचा. १ लिटर म्हणजे १ किलो, शंका नाही, आणि पाणी विहिरीतच आहे. माझी पसंती चिऱ्यांना आहे, कारण कॅन गळतो आणि गळताना कोणाचं लक्ष नसतं. चिऱ्यांसाठी मागे कडा असलेला ट्रे करा, म्हणजे ते घसरणार नाहीत.

चिखल आणि उतार

भार समोर असताना पुढच्या दोन पायांवर मिळून ३७० किलोच्या आसपास येतात. पायाखाली १० × १० सेंटिमीटरचा पत्रा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ १.९ किलो. कुळागरातली ओली माती एवढं सोसत नाही, पाय रुततो, आणि एक पाय रुतला की वरचं सगळं गणित बदलतं. ३० × ३० सेंटिमीटरची जाड फळी पायाखाली घातली तर हाच दाब नवव्या हिश्शावर येतो. चारही फळ्या क्रेनचाच भाग समजा, त्यांना क्रमांक द्या.

प्रत्येक पायाला स्क्रू जॅक हवा. खांब तिरका असेल तर भार लटकलेला बूम आपोआप उताराकडे पळतो. खांब ३ अंश जरी कलला तरी २०० किलोच्या भाराला बाजूला साधारण १० किलोचा जोर लागतो, आणि तो धरून ठेवणाऱ्या माणसाला घेऊन जातो. पायावर दोन दिशांना पाणसळ कायमची बसवा आणि खांबाला फिरणं थांबवणारी एक पिन ठेवा.

खांब: दोन सारखे दिसणारे पाइप

आता कुठे खांबाकडे वळायचं. भार उचलताना झटका बसतो, म्हणून २०० ला १.२५ ने गुणून २५० धरा. २५० गुणिले १.२ मीटर, ३०० किलो-मीटर, म्हणजे २९४३ न्यूटन-मीटर. पोलादाची यील्ड (ज्या ताणाला ते कायमचं वाकायला लागतं) २४० असेल (आयएस ११६१ मध्ये वायएसटी २४० हा दर्जा मिळतो), तर तिच्या निम्मा, १२० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, एवढाच ताण येऊ द्या. भागाकार केला की लागणारा सेक्शन मॉड्युलस, म्हणजे आकारामुळे मिळणाऱ्या वाकण्याविरुद्धच्या ताकदीचं माप, २४.५ घन सेंटिमीटर.

८० मिमी नॉमिनल बोअरचा (आतल्या व्यासाचं नाममात्र माप) पाइप घ्या, बाहेरचा व्यास ८८.९. जाडी ४ मिमी असेल तर मॉड्युलस २१.७ येतो, नापास. ४.८ मिमी असेल तर २५.३, पास. दुकानात हे दोन पाइप शेजारी उभे असतात आणि बाहेरून अगदी एकसारखे दिसतात, कारण बाहेरचा व्यास एकच. पाण्याच्या पाइपांवर रंगाचा पट्टा असतो: मिडियमला निळा, हेवीला लाल. पण पट्टा खरवडलेला असू शकतो, आणि क्रेनसाठी पाण्याचा पाइप घ्यायचाही नाही. स्ट्रक्चरल ट्यूब मागा, मिलचं प्रमाणपत्र मागा, आणि व्हर्नियर खिशात घेऊन जा. कापलेल्या तोंडावर चार ठिकाणी जाडी मोजा आणि वहीत लिहा. एका गटाने चिठ्ठीवर 'हेवी' लिहिलं होतं, बिलावरही 'हेवी' होतं, आणि आला होता मिडियम. व्हर्नियरमुळे कळलं.

१.९ मीटरचा असा खांब १९ किलोच्या आसपास भरतो. चालेल. पूर्ण भार आला की या खांबाच्या वाकण्यानेच बूमचं टोक २ सेंटिमीटरच्या आसपास खाली जाईल. हे आधी काढून ठेवा, म्हणजे चाचणीच्या दिवशी घाबरायला होणार नाही; आणि ५ सेंटिमीटर गेलं तर काहीतरी चुकलंय हेही लगेच कळेल.

सॉकेटची खोली ४० सेंटिमीटर ठेवली होती. ३०० किलो-मीटरचा मोमेंट (वळवणारा जोर) ४० सेंटिमीटरमध्ये तोलायचा म्हणजे सॉकेटच्या वरच्या आणि खालच्या काठावर आडवे ७५० किलो येतात. उचलतोय २०० आणि सॉकेटवर ७५०. दिसायला सुबक म्हणून कोणी सॉकेट २० सेंटिमीटरचा केला तर तेच १५०० होतात. दोन्ही काठांना पितळेचे किंवा नायलॉनचे बुश आणि तळाला थ्रस्ट बेअरिंग द्या. तळाला पाणी निघायला भोक हवंच, इथे पावसाळ्यात सॉकेट म्हणजे तांब्या होतो.

बूमला ६० × ६० × ४ मिमीची चौकोनी नळी आणि मधोमध तिरका टेकू पुरतो. टेकूपुढचे ६० सेंटिमीटरच मोकळे राहतात, म्हणून हे गणित सोपं आहे, तुम्ही स्वतः करून बघा. मॉड्युलस १२.३ लागतो. सूत्राने या नळीचा १५.७ येईल, पण नळीचे कोपरे गोल असतात, प्रत्यक्षात त्याहून थोडा कमी धरा.

विंच विकत घ्या

विंच (हँडल फिरवून दोर गुंडाळणारं यंत्र), हुक, वायर रोप, पट्टे यांतलं काहीही स्वतः बनवू नका. 'आम्ही सगळं स्वतः केलं' असं तोंडी परीक्षेत सांगायला बरं वाटतं, पण घरी ठोकलेल्या हुकाची ताकद कोणालाच माहीत नसते.

विंच घेताना एकच प्रश्न विचारा: हँडल सोडलं तर काय होतं? नुसता रॅचेट (एकाच दिशेला फिरू देणारी दातेरी चक्री) असलेल्या विंचमध्ये उतरवताना खटका काढावा लागतो, आणि हात निसटला की हँडल गरागरा फिरतं. मनगट मोडायला एवढं पुरतं. हँडल सोडताच आपोआप धरून ठेवणारा ब्रेक असलेली विंचच घ्या.

आमच्या विंचचा ड्रम १०० मिमी, गिअर एकास चार, हँडल २५ सेंटिमीटर. पूर्ण भाराला हँडलवर साधारण साडेबारा किलोचा जोर लागतो, एका माणसाला झेपतो. पण ८ मीटर वर घ्यायला ड्रमचे २४ फेरे, म्हणजे हँडलचे ९६. हे बागायतदाराला आधी सांगा. घाई करणाऱ्याचं हे काम नाही.

वायर रोप ६ मिमी, ६×१९ बांधणीचा (सहा पेड, प्रत्येकात १९ तारा). तुटण्याची क्षमता साधारण १९ किलोन्यूटन आणि आपला भार जेमतेम २, म्हणजे नऊपटीहून जास्त. टोकाला यू-क्लिप तीन हव्यात आणि त्यांची खोगीर असलेली बाजू भार घेणाऱ्या दोरावर यावी. उलट लावली तर भार घेणारा दोरच चेमटतो. पंप पूर्ण खाली असतानाही ड्रमवर किमान तीन वेढे उरले पाहिजेत. हुकाला झडप असलीच पाहिजे. उचलायला जांभळा पॉलिस्टर पट्टा घ्या, तो रंग १ टनाचा.

कामाची वाटणी आणि चवथ

पाच जण असाल तर गणित, ड्रॉइंग, खरेदी, फॅब्रिकेशन आणि चाचणीच्या नोंदी अशी वाटणी जमते. पण गणित करणाऱ्याचं गणित दुसऱ्याने तपासायचं, तेही त्याची वही न बघता कोऱ्या कागदावर. दोन्ही उत्तरं जुळली तरच पुढे.

वेळापत्रक आखताना चवथ धरा. गणेशचतुर्थीच्या आसपास वर्कशॉप आणि हार्डवेअरची दुकानं काही दिवस बंद असतात, कामगार गावी जातात. लोखंड त्याआधी घरात आलं पाहिजे. दिवाळीपूर्वी जोडणी आणि जानेवारी-फेब्रुवारीत चाचणी, असं धरलं तर शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीच्या सुमारास, अहवालही होतो.

वेल्डिंग अनुभवी वेल्डरकडून करून घ्या आणि तो करत असताना शेजारी उभे राहा. सॉकेट आणि पाया यांचा सांधा सगळ्यांत महत्त्वाचा, तिथे वेल्ड पूर्ण गोल फिरला पाहिजे. नंतर डाय पेनिट्रंटचे (वेल्डमधली चीर दाखवणाऱ्या रंगाचे) तीन डबे आणून तो सांधा तपासा. लाल रेषा दिसली तर घासून पुन्हा वेल्ड. जस्त चढवलेल्या पाइपावर थेट वेल्डिंग करू नका, त्याचा धूर छातीत जातो.

किनाऱ्याजवळची खारी हवा आणि वर्षाला ३ मीटरच्या आसपास पडणारा पाऊस, यात साधा ऑइल पेंट एक पावसाळा काढत नाही. पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासा, झिंकयुक्त प्रायमर लावा, त्यावर इपॉक्सीचे दोन हात. सगळ्या पिना छोट्या साखळीने क्रेनलाच बांधा. पाचोळ्यात पडलेली पिन सापडत नाही, आणि मग तिथे खिळा घातला जातो.

चाचणी

चाचणी महाविद्यालयाच्या सपाट आवारात करा, विहिरीवर नको. भोवती बूमच्या दुप्पट अंतरावर चुन्याने गोल आखा आणि आत फक्त विंचवाला. वजन म्हणून मोजलेल्या वाळूच्या पिशव्या. आधी ५०, मग १००, १५०, २००, आणि शेवटी सव्वापट, २५०. प्रत्येक टप्प्याला भार जमिनीपासून फक्त वीतभर वर ठेवा, दहा मिनिटं धरा, टोक किती खाली आलं ते मोजा, मग बूम समोर, ४५ अंश आणि ९० अंश असा हळू फिरवा. चारही पायांखाली कागदाची पट्टी घालून ठेवा. पट्टी ओढल्यावर सहज निघाली तर तो पाय हलका झालाय, तिथेच थांबा. वजन काढल्यावर टोक मूळ जागी परत आलं नाही तर कुठेतरी कायमचा वाक आलाय. शोधल्याशिवाय पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

फॅक्टरीज अॅक्ट १९४८ च्या कलम २९ प्रमाणे (हा कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) कारखान्यातल्या उचलण्याच्या यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून निदान एकदा तपासणी व्हायची आणि सुरक्षित कार्यभार यंत्रावर लिहावा लागायचा. कुळागर म्हणजे कारखाना नव्हे, पण शिस्त तीच पाळा. एखाद्या सक्षम व्यक्तीला चाचणीला बोलावता आलं तर तेवढं शिकायला दुसरीकडे मिळणार नाही.

विहिरीवर पहिल्यांदा

पंपाचा मेन स्विच बंद करून फ्यूज खिशात ठेवा. पाय पूर्ण बाहेर, पिना आत, पाणसळ बघा, चिरे मोजून ठेवा. हुक आणि पट्टा यांच्यामध्ये डिजिटल हँगिंग काटा लावा. ही खरेदी मी प्रत्येक गटाला करायला लावतो, कारण गाळात रुतलेला पंप ओढताना भार किती होतोय हे हाताला कळत नाही. आकडा २०० च्या जवळ गेला की विंच थांबवा, पाइप हलवून गाळ सैल करा. रुतलेली वस्तू क्रेनने उपटायची नसते. ती अचानक सुटते आणि सगळा झटका पायांवर येतो.

विहीर साफ करायला कोणीतरी उतरणार असतो, आणि क्रेन बघून तो हमखास म्हणतो, "मला सोडा की खाली." नाही म्हणा. वयाने मोठे असले तरी हात जोडून नाहीच म्हणा. ही क्रेन माणसांसाठी काढलेली नाही, ब्रेक एकच आहे, आणि जुन्या विहिरीच्या तळाशी हवा श्वासाला योग्य असेलच असं नाही.

क्रेन ताब्यात देताना खांबावर पत्र्याची पट्टी रिव्हेट करा आणि अक्षरं पंचने ठोका, रंगवलेली पुसली जातात. आमच्या पट्टीवर एवढंच होतं: कार्यभार २०० किलो. बूम १.२ मीटर. मागे १८० किलो मोजून. पाय पूर्ण बाहेर. माणूस उचलू नये. चाचणीची तारीख. काकांनी ती मोठ्याने वाचली, मग घरात जाऊन सुपाऱ्या तोलायचा काटा घेऊन आले आणि पहिला चिरा स्वतःच त्यावर ठेवला. ३३ किलो भरला.